मेंदूतील स्पर्शाचा नकाशा : रचना, शोध आणि नवे निष्कर्ष

अपघातात किंवा आजारामुळे हात गमावलेल्या व्यक्तीच्या मेंदूत त्या हातासाठी राखलेल्या जागेचे पुढे काय होते, या प्रश्नावर गेली सुमारे चार दशके संशोधन सुरू आहे. ती जागा शरीराच्या शेजारच्या भागांकडून व्यापली जाते, असे उत्तर अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांतून दिले जात होते. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या उत्तराला आव्हान दिले. हात कापला गेल्यानंतरही मेंदूतील हाताचा नकाशा जवळजवळ जसाच्या तसा टिकून राहतो, असे या अभ्यासात आढळले.

हा वाद केवळ प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. नसलेल्या हातात होणाऱ्या वेदनांवर कोणते उपचार करावेत, कृत्रिम हाताला स्पर्शज्ञान देता येईल काय आणि पक्षाघातानंतर हाताची गेलेली क्षमता कितपत परत मिळवता येईल, हे प्रश्न त्याच्याशी निगडित आहेत. त्यासाठी मेंदूतील स्पर्शाच्या क्षेत्राची मांडणी कशी असते आणि ती कशी उलगडत गेली, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

त्वचेपासून मेंदूपर्यंतचा प्रवास

स्पर्शाची सुरुवात त्वचेत होते. त्वचेच्या थरांमध्ये दाब, कंप आणि ताण ओळखणारी सूक्ष्म ग्राही केंद्रे असतात. केस नसलेल्या त्वचेत, म्हणजे तळहात व तळपाय यांच्या त्वचेत, त्यांचे चार मुख्य प्रकार आढळतात. मर्केल ग्राही सततचा दाब आणि वस्तूच्या कडा टिपतात. हातातून वस्तू निसटू लागली की माइसनर ग्राही सूचना देतात. पॅसिनी ग्राही जलद कंपने ओळखतात, तर रुफिनी ग्राही त्वचेला बसणारा ताण नोंदवतात. एका हाताच्या तळव्याकडील त्वचेत अशी सुमारे १७,००० केंद्रे असावीत, असा अंदाज स्वीडनमधील रोलँड योहानसन आणि आके व्हाल्बो यांनी १९७९ मध्ये मांडला. ही केंद्रे सर्वत्र सारखी विखुरलेली नसतात. बोटांच्या टोकांवर त्यांची दाटी सर्वाधिक असते.

त्वचेवर पडणाऱ्या दाबाचे रूपांतर विद्युत संदेशात नेमके कसे होते, याचा उलगडा बऱ्याच उशिरा झाला. अमेरिकेत संशोधन करणारे अर्डेम पटापूटियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘पिएझो’ नावाची प्रथिने शोधून काढली. दाब पडताच ही प्रथिने पेशीच्या आवरणातील सूक्ष्म द्वारे उघडतात आणि विद्युतभारित कण आत शिरतात. या शोधाबद्दल पटापूटियन यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. तापमानाच्या ग्राहींचा शोध लावणारे डेव्हिड ज्युलियस या पारितोषिकाचे सहमानकरी होते.

त्वचेतून निघालेला संदेश मज्जातंतूंमधून मज्जारज्जूत प्रवेश करतो आणि त्याच्या मागील बाजूने वर चढतो. मज्जारज्जू जेथे मेंदूला मिळतो, त्या लंबमज्जेत हा मार्ग बाजू बदलतो. त्यामुळे डाव्या हाताचा स्पर्श उजव्या अर्धमेंदूत आणि उजव्या हाताचा स्पर्श डाव्या अर्धमेंदूत पोहोचतो. वेदना आणि उष्णता यांचे संदेश मात्र वेगळ्या वाटेने जातात व मज्जारज्जूत शिरल्यानंतर लगेचच बाजू बदलतात. मज्जारज्जूच्या एकाच बाजूला इजा झालेल्या रुग्णाच्या एका पायाला स्पर्श कळत नाही आणि दुसऱ्या पायाला वेदना कळत नाही, याचे कारण हेच आहे.

दोन्ही मार्ग मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमस या केंद्रातून पुढे जातात. तेथून स्पर्शाचे संदेश मेंदूच्या पृष्ठभागावरील घड्यांच्या थरात, म्हणजेच कॉर्टेक्समध्ये पोहोचतात. मनगटाजवळील मज्जातंतूला विजेचा सौम्य धक्का दिल्यास त्याची पहिली नोंद या थरात अवघ्या २० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागात, उमटते.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर सापडलेला नकाशा

मेंदूच्या प्रत्येक अर्ध्या भागावर वरून खाली जाणारी एक खोल खाच असते. तिला मध्यवर्ती खाच म्हणतात. खाचेच्या पुढील वळीतून शरीराच्या हालचालींचे नियंत्रण होते, तर मागील वळीत स्पर्शाचे प्राथमिक क्षेत्र असते. कानाच्या थोड्या वरपासून डोक्याच्या माथ्यापर्यंत गेलेला एक अरुंद पट्टा, असे या क्षेत्राचे ढोबळ वर्णन करता येईल.

शरीराचे निरनिराळे भाग मेंदूत ठरावीक क्रमाने मांडलेले असावेत, हा तर्क प्रथम अपस्माराच्या रुग्णांच्या निरीक्षणातून पुढे आला. काही रुग्णांचे झटके अंगठ्यातून सुरू होत आणि तेथून हात, दंड, चेहरा असे क्रमाक्रमाने पसरत. ब्रिटिश चेतातज्ज्ञ जॉन ह्यूलिंग्स जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असा निष्कर्ष काढला की झटका शरीरावर ज्या क्रमाने पसरतो, त्याच क्रमाने तो मेंदूच्या पृष्ठभागावरही सरकत असला पाहिजे.

या तर्काला थेट पुरावा मिळाला तो १९०९ मध्ये. अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी शुद्धीवर असलेल्या रुग्णांच्या मध्यवर्ती खाचेमागील वळीला विजेचा सौम्य प्रवाह दिला. रुग्णांच्या हाताची हालचाल झाली नाही, परंतु हाताला काहीतरी जाणवल्याचे त्यांनी सांगितले.

हा नकाशा तपशिलाने तयार करण्याचे श्रेय कॅनडातील शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांच्याकडे जाते. त्यांनी १९३४ मध्ये मॉन्ट्रियल येथे चेताविज्ञान संस्था स्थापन केली. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारावर शस्त्रक्रिया करताना मेंदूचा रोगट भाग काढून टाकणे आणि महत्त्वाचा भाग वाचवणे आवश्यक होते. मेंदूच्या ऊतींमध्ये वेदनेचे ग्राही नसल्याने केवळ डोक्याच्या त्वचेला स्थानिक भूल देऊन रुग्णाला जागे ठेवता येत असे. पेनफिल्ड विजेच्या टोकाने मेंदूच्या पृष्ठभागावरील एकेक बिंदू उत्तेजित करीत आणि काय जाणवले ते रुग्णाला विचारीत. ‘अंगठ्याला मुंग्या आल्या’, ‘ओठ बधिर वाटला’ अशा स्वरूपाची उत्तरे मिळत. उत्तर मिळालेल्या प्रत्येक बिंदूवर क्रमांक लिहिलेला कागदाचा छोटा तुकडा ठेवला जाई.

पेनफिल्ड आणि एडविन बोल्ड्री यांनी १९३७ मध्ये या नोंदी एकत्रित स्वरूपात प्रसिद्ध केल्या. त्यासोबत हॉर्टेन्स कँटली या चित्रकर्तीने काढलेली एक आकृती होती. तिला ‘होमंक्युलस’, म्हणजे ‘छोटा माणूस’, असे नाव मिळाले. १९५० मध्ये पेनफिल्ड आणि थिओडोर रासमुसेन यांच्या ग्रंथात ती सुधारित रूपात आली आणि पुढे जगभरातील वैद्यकीय पुस्तकांत पोहोचली.

आकार नव्हे, गरज महत्त्वाची

या नकाशात शरीराचा क्रम बहुतांशी सलग असतो. दोन्ही अर्धमेंदूंमधील फटीच्या आत पाऊल आणि पायाची बोटे येतात. माथ्याजवळ पाय व धड असते. त्याखाली खांदा, दंड, मनगट आणि तळहात येतात. पुढे करंगळीपासून अंगठ्यापर्यंत पाचही बोटे ओळीने मांडलेली असतात. अंगठ्यानंतर चेहरा व ओठ आणि सर्वांत खाली जीभ व घसा यांची जागा असते. शरीरावर एकमेकांपासून दूर असलेले हात व चेहरा मेंदूत मात्र शेजारी आहेत, ही बाब पुढील संशोधनात निर्णायक ठरली.

नकाशाचे प्रमाण शरीराच्या आकारमानाशी जुळत नाही. होमंक्युलसच्या चित्रात ओठ, जीभ आणि हात अवाढव्य दिसतात, तर पाठ आणि पोट अगदी किरकोळ. ज्या भागात ग्राही केंद्रांची दाटी अधिक आणि ज्याच्याकडून सूक्ष्म स्पर्शज्ञानाची अपेक्षा अधिक, त्याला मेंदूत अधिक जागा मिळते. 

हा फरक घरच्या घरी तपासता येतो. जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी १८३४ मध्ये कंपासची दोन टोके त्वचेवर एकाच वेळी टेकवून त्याचे मोजमाप केले होते. बोटाच्या टोकावर दोन टोकांमध्ये दोन-तीन मिलिमीटर अंतर असले तरी ती दोन असल्याचे कळते. पाठीवर हेच अंतर सुमारे चार सेंटिमीटर होईपर्यंत दोन्ही टोके एकच वाटतात. ब्रेल लिपी बोटांच्या टोकांनी वाचता येते, पाठीने वाचता येत नाही, यामागे हीच मांडणी आहे.

प्राण्यांमध्येही हे तत्त्व दिसून येते. उंदीर अंधारात मिशांच्या साहाय्याने वाट शोधतो. त्याच्या मेंदूत प्रत्येक मिशीसाठी पेशींचा एक स्वतंत्र पुंजका असतो आणि हे पुंजके मिशांच्या रांगांप्रमाणेच रांगेत मांडलेले असतात, हे थॉमस वुल्सी आणि हेंड्रिक व्हॅन डर लूस यांनी १९७० मध्ये दाखवून दिले. उत्तर अमेरिकेतील तारांकित नाकाचा चिचुंदरीसारखा प्राणी नाकावरील २२ मांसल शुंडकांनी भक्ष्य चाचपतो. त्यातील सर्वांत लहान जोडींपैकी एका जोडीला मेंदूत सर्वाधिक जागा मिळालेली आहे, कारण भक्ष्याची अंतिम पारख तो याच जोडीने करतो.

पेनफिल्ड यांच्या आकृतीला मर्यादाही आहेत. ती कोणा एका व्यक्तीच्या मेंदूचे चित्र नसून अनेक रुग्णांच्या नोंदींचे सरासरी रूप आहे. प्रत्यक्षात व्यक्तीगणिक फरक असतो आणि शेजारच्या भागांच्या सीमा एकमेकींत मिसळलेल्या असतात. शिवाय ही आकृती पुरुषाच्या शरीराची आहे. स्त्रीच्या शरीराचा मेंदूतील नकाशा दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला.

एक नव्हे, चार नकाशे

स्पर्शाच्या पट्ट्यातील पेशींची रचना सर्वत्र एकसारखी नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ कोर्बिनियन ब्रॉडमन यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने १९०९ मध्येच नोंदवले होते. त्यांनी या पट्ट्याचे ३, १ आणि २ असे विभाग पाडले. पुढे ३ क्रमांकाच्या क्षेत्राचे ‘३ अ’ आणि ‘३ ब’ असे दोन भाग करण्यात आले.

या चारही क्षेत्रांत मिळून शरीराचा एकच नकाशा आहे, असा समज बराच काळ होता. १९७९ मध्ये जॉन कास, मायकेल मर्झेनिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवरील प्रयोगांतून वेगळेच चित्र मांडले. प्रत्येक क्षेत्रात शरीराचा स्वतंत्र नकाशा असून हे नकाशे एकमेकांना समांतर आहेत, असे त्यांनी दाखवले. या संशोधकांमध्ये कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर मृगांक सूर यांचा समावेश होता.

चारही नकाशांचे काम निराळे आहे. ‘३ अ’ या क्षेत्राकडे मुख्यतः स्नायूंमधून येणारी माहिती जाते. अवयव कोणत्या स्थितीत आहे, हे तिच्यावरून समजते. ‘३ ब’ हे त्वचेच्या स्पर्शाचे प्रवेशद्वार मानले जाते. क्षेत्र १ मध्ये पृष्ठभागाचा पोत, म्हणजे खरखरीतपणा किंवा गुळगुळीतपणा, यावर प्रक्रिया होते. क्षेत्र २ मध्ये त्वचा आणि सांधे या दोहोंकडील माहिती एकत्र येऊन वस्तूचा आकार व आकारमान कळते. माकडांच्या मेंदूतील क्षेत्र १ ला इजा झाल्यास पोत ओळखणे कठीण जाते, क्षेत्र २ ला इजा झाल्यास आकार ओळखता येत नाही आणि ‘३ ब’ ला इजा झाल्यास दोन्ही क्षमता जातात, असे प्रयोगांत आढळले.

या नकाशांची रचना खोलीच्या दिशेनेही नियमबद्ध आहे. कॉर्टेक्समध्ये पेशींचे सहा थर असतात आणि थॅलॅमसकडून येणारे संदेश प्रामुख्याने चौथ्या थरात पोहोचतात. अमेरिकन शास्त्रज्ञ व्हर्नन माउंटकॅसल यांनी १९५७ मध्ये मांजराच्या स्पर्शक्षेत्रात सूक्ष्म विद्युत-अग्र सरळ खाली उतरवले. वाटेत भेटलेल्या सर्व पेशी त्वचेच्या एकाच जागेला आणि एकाच प्रकारच्या स्पर्शाला प्रतिसाद देत होत्या. अग्र तिरके नेल्यास मात्र प्रतिसाद टप्प्याटप्प्याने बदलत असे. यावरून कॉर्टेक्स हा उभ्या स्तंभांचा बनलेला आहे, अशी कल्पना त्यांनी मांडली. दृष्टीच्या क्षेत्राविषयीच्या पुढील संशोधनालाही ती मार्गदर्शक ठरली.

प्राथमिक क्षेत्रातून माहिती पुढे जाते तसे तिचे स्वरूप बदलत जाते. ‘३ ब’ मधील एखादी पेशी एकाच बोटाच्या टोकाचा छोटासा भाग पाहते. क्षेत्र १ आणि २ मधील पेशी अनेक बोटांकडील माहिती एकत्र करतात. कानाच्या वरच्या बाजूस घडीत दडलेल्या दुय्यम स्पर्शक्षेत्रात शरीराच्या दोन्ही बाजूंची माहिती एकत्र येते. त्यामागील भागात स्पर्शाची सांगड दृष्टीशी घातली जाते. या साखळीतील पुढच्या टप्प्याला इजा झालेल्या रुग्णाला हातातील वस्तू थंड, कठीण आणि लांबट असल्याचे कळते, परंतु ती किल्ली आहे हे डोळे मिटून सांगता येत नाही.

मायेचा हळुवार स्पर्श याहून वेगळ्या वाटेने जातो. केस असलेल्या त्वचेतील काही मंदगती तंतू, विशेषतः सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या वेगाने फिरणाऱ्या हाताला, उत्तम प्रतिसाद देतात. त्यांचे संदेश भावनांशी निगडित असलेल्या इन्सुला या भागात पोहोचतात. ‘कोठे स्पर्श झाला’ आणि ‘तो कसा वाटला’ या दोन प्रश्नांची उत्तरे मेंदू अशा रीतीने बऱ्याच अंशी निरनिराळ्या ठिकाणी शोधतो.

नकाशा बदलतो काय?

प्रौढ वयात मेंदूचा नकाशा कायम होतो, अशी १९७० च्या दशकापर्यंत सर्वसाधारण धारणा होती. मर्झेनिच, कास आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांनी तिला धक्का दिला. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात प्रौढ माकडांचे एखादे बोट काढल्यानंतर मेंदूतील त्या बोटाची जागा काही महिन्यांत शेजारच्या बोटांच्या स्पर्शाला प्रतिसाद देऊ लागल्याचे दिसून आले.

१९९१ मध्ये टिमोथी पॉन्स आणि सहकाऱ्यांनी याहून मोठा बदल नोंदवला. सुमारे १२ वर्षांपूर्वी एका हाताच्या संवेदी नसा तोडलेल्या माकडांमध्ये हाताची जागा चेहऱ्याच्या स्पर्शाला प्रतिसाद देत होती आणि हा बदल एक सेंटिमीटरहून अधिक अंतरावर पसरला होता. ही माकडे अमेरिकेतील सिल्व्हर स्प्रिंग येथील प्रयोगशाळेतील होती. त्यांच्या देखभालीवरून १९८१ मध्ये मोठा वाद उद्भवला होता आणि प्राण्यांवरील प्रयोगांच्या नियमांबाबतच्या चर्चेत त्याचा आजही उल्लेख होतो.

चेन्नईच्या स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतलेले आणि पुढे कॅलिफोर्नियात संशोधन करणारे विलयनूर रामचंद्रन यांनी हा धागा रुग्णांपर्यंत नेला. हात किंवा पाय कापल्यानंतरही तो जागेवर असल्याचा भास बहुसंख्य रुग्णांना होतो. अनेकांना त्या नसलेल्या अवयवात तीव्र वेदनाही होतात. अमेरिकेतील यादवी युद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करणारे सायलस विअर मिचेल यांनी १८७० च्या दशकाच्या आरंभी या अनुभवाचे वर्णन केले होते. रामचंद्रन यांनी १९९२ मध्ये असे नोंदवले की हात गमावलेल्या काही रुग्णांच्या गालाला स्पर्श केला असता तो त्यांना नसलेल्या बोटांवरही जाणवतो. मेंदूत हात आणि चेहरा शेजारी असल्याने चेहऱ्याचे संदेश हाताच्या रिकाम्या जागेत शिरले असावेत, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले.

१९९५ मध्ये जर्मनीतील हेर्टा फ्लोर आणि सहकाऱ्यांनी नकाशातील बदल जितका अधिक तितक्या वेदना अधिक, असा संबंध दाखवला. त्यामुळे नकाशा पूर्ववत केल्यास वेदना शमतील, हा विचार बळावला. रामचंद्रन यांनी सुचवलेला आरशाचा उपचार याच काळातील आहे. त्यात शाबूत हाताचे आरशातील प्रतिबिंब नसलेल्या हाताच्या जागी दिसते आणि रुग्णाला तो हात हलत असल्याचा अनुभव येतो.

सरावाने नकाशा अधिक बारीक होतो, याचेही दाखले मिळाले. व्हायोलिनसारखी तंतुवाद्ये वाजवणाऱ्या कलावंतांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांचा प्रतिसाद इतरांपेक्षा अधिक मोठा असल्याचे १९९५ मध्ये आढळले. लहान वयात शिक्षण सुरू केलेल्यांमध्ये हा फरक अधिक ठळक होता. ब्रेल वाचणाऱ्या बोटाबाबतही असाच निष्कर्ष १९९३ मध्ये मांडण्यात आला होता. त्याच वर्षीच्या आणखी एका अभ्यासात जन्मतः जुळलेली बोटे शस्त्रक्रियेने सुटी केल्यानंतर काही आठवड्यांतच मेंदूत त्यांच्या जागा वेगळ्या झाल्याचे दिसून आले.

नव्या पुराव्यांनी बदललेले चित्र

गेल्या काही वर्षांत मात्र या निष्कर्षांची फेरतपासणी सुरू झाली. ब्रिटनमधील तमार मेकिन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हात गमावलेल्या रुग्णांना नसलेला हात हलवण्यास सांगितले व त्याच वेळी एमआरआय यंत्राने मेंदूचे चित्रण केले. तेव्हा हाताची जुनी जागा सक्रिय झाल्याचे दिसले. ज्यांना वेदना अधिक होत्या, त्यांच्या मेंदूत हाताची जागा अधिक टिकून होती. हा निष्कर्ष आधीच्या समजुतीच्या नेमका उलट होता.

ऑगस्ट २०२५ मधील अभ्यासाचे वैशिष्ट्य असे की त्यात रुग्णांच्या मेंदूची तपासणी हात कापण्यापूर्वी आणि नंतरही करण्यात आली. वैद्यकीय कारणांसाठी हात काढावा लागणार असलेल्या तीन रुग्णांचा यात समावेश होता आणि पाठपुरावा पाच वर्षांपर्यंत करण्यात आला. बोटे हलवण्याचा प्रयत्न करताना मेंदूत उमटणारे चित्र शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर आश्चर्यकारकरीत्या सारखे होते. ओठांच्या क्षेत्राने हाताच्या जागेवर अतिक्रमण केल्याचे आढळले नाही. रुग्णांची संख्या थोडी असली तरी त्याच व्यक्तीची आधीची आणि नंतरची स्थिती ताडून पाहता आल्याने या पुराव्याला वजन प्राप्त झाले आहे.

दोन्ही गटांच्या निष्कर्षांतील तफावतीचे एक कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. एखादी पेशी कोणत्या स्पर्शाला सर्वाधिक प्रतिसाद देते, एवढेच जुन्या प्रयोगांत पाहिले जाई. हाताचे संदेश थांबले की चेहऱ्याचा मुळातच असलेला क्षीण प्रतिसाद ठळक दिसू लागतो. म्हणून हाताचा नकाशा पुसला गेला, असे म्हणता येत नाही. मेकिन आणि जॉन क्राकाउर यांनी २०२३ मध्ये असा युक्तिवाद केला की मेंदू जागांची अदलाबदल करीत नाही. आधीपासून असलेल्या क्षमतांचा तो अधिक वापर करतो. या मताशी सर्व शास्त्रज्ञ सहमत नाहीत आणि चर्चा सुरू आहे. तरीही सरावाने स्पर्शज्ञान अधिक सूक्ष्म होते, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

रुग्णांसाठी याचा अर्थ

नकाशा टिकून राहतो, या निष्कर्षाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. नसलेल्या हाताच्या वेदनांसाठी केवळ मेंदूतील नकाशा दुरुस्त करण्यावर भर देण्याऐवजी कापलेल्या मज्जातंतूंच्या टोकांकडे लक्ष द्यावे, असा विचार आता पुढे येत आहे. काही शल्यविशारद हे तंतू मोकळे न सोडता उरलेल्या स्नायूंना जोडतात, जेणेकरून त्यांना नवे काम मिळेल.

कृत्रिम हाताला स्पर्शज्ञान देण्याचे प्रयत्नही याच पायावर उभे आहेत. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात मज्जारज्जूच्या दुखापतीमुळे हात लुळे पडलेल्या एका व्यक्तीच्या मेंदूतील हाताच्या स्पर्शक्षेत्रात सूक्ष्म विद्युत-अग्रे बसवण्यात आली. दुखापतीला दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. तरीही त्या जागी विद्युतप्रवाह दिल्यावर त्या व्यक्तीला स्वतःच्या बोटांवर दाब जाणवला, असे २०१६ मध्ये जाहीर करण्यात आले. पुढे यांत्रिक हाताच्या बोटांवरील संवेदक या अग्रांना जोडण्यात आले. स्पर्शाची ही जाणीव मिळाल्यावर वस्तू उचलून ठेवण्याच्या चाचणीला लागणारा वेळ सुमारे २१ सेकंदांवरून १० सेकंदांवर आला, असे २०२१ मधील अहवालात नमूद आहे.

पक्षाघातानंतरच्या एका उपचारपद्धतीत शाबूत हात काही काळ बांधून ठेवतात आणि दुर्बल हाताकडून रोज कित्येक तास काम करवून घेतात. एडवर्ड ताउब यांनी विकसित केलेल्या या पद्धतीचे मूळ संवेदना गमावलेल्या माकडांवरील संशोधनात आहे. वापर थांबला की क्षमता हरवते आणि नियमित सराव केल्यास तिचा काही भाग परत मिळवता येतो, हे तिचे सूत्र आहे.

नकाशा शाबूत असूनही संदेशच येत नसतील तर काय होते, याचे उदाहरण भारताला परिचित आहे. कुष्ठरोगात जंतू हातापायांतील मज्जातंतूंना इजा करतात. बोटे रोगामुळे झडतात, असा पूर्वी समज होता. वेल्लोर येथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात काम केलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की बधिर हातापायांना झालेल्या जखमा व भाजण्याच्या इजा रुग्णाच्या लक्षात येत नाहीत आणि बहुतांश हानी त्यामुळे होते. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या पावलांनाही हाच धोका असतो. म्हणून अशा रुग्णांनी पावलांची रोज पाहणी करावी, अनवाणी चालू नये आणि बधिरपणा जाणवल्यास विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे, असा सल्ला दिला जातो. मज्जातंतूंची हानी वेळीच ओळखली गेली तर ती वाढण्यास आळा घालता येतो.